कुत्र्यांना घेऊन कोकणात: प्रथमोपचाराच्या पेटीत काय काय घ्यावं?

सोनटक्का

दिवाळी आटोपली की आम्ही दोघं आणि आमची दोन श्वानरत्नं अशी वरात दापोलीला निघतेय. पुण्याहून ताम्हिणी, माणगाव, मंडणगड असा रस्ता. मुक्काम समुद्राजवळच्या एका वाडीत, घरगुती. टिकली देशी, तरुण, अंगात वारं भरलेली. बंड्या लॅब्राडोर, वयस्कर, खादाड. दिसेल ते आधी तोंडात, मग विचार.

आमची औषधांची पेटी आहेच. पण कुत्र्यांसाठी वेगळं काय घ्यावं? नेटवर अमेरिकेतल्या याद्या सापडतात, त्यातली निम्मी नावं आमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने ऐकलेलीही नाहीत. प्रत्यक्ष कुत्री घेऊन कोकणात गेलेल्यांनी लिहा. आणि "कुत्र्यांना कशाला नेता" हा प्रतिसाद आमच्या सासूबाईंनी आधीच दिलेला आहे.

टवाळ_१२

बंड्याच्या तोंडाला झाकण. बाकी सगळं दुय्यम. (हलकेच घ्या.)

मोरपिशी

आमची पेटी म्हणजे मिठाईचा जुना पत्र्याचा डबा. त्यात असतं ते असं: सलाईनची छोटी बाटली (जखम धुवायला आणि डोळ्यात कचरा गेला तर), पोव्हिडोन आयोडीन, गॉजचे तुकडे भरपूर, क्रेप बँडेज, कागदी चिकटपट्टी, बोथट टोकाची कात्री, टोकदार चिमटा, डिजिटल थर्मामीटर, हातमोजे, सुई नसलेली सिरिंज, एक जुनी ओढणी आणि लहान मुलांचे पायमोजे. पंजाला कापलं की बँडेजवर पायमोजा चढवायचा, नाहीतर पाच मिनिटांत बँडेज पोटात जातं.

कापूस घेऊ नका. तंतू जखमेत चिकटून बसतात आणि काढताना कुत्रं आणि माणूस दोघंही रडतात. साधी चिकटपट्टीही नको, केसांसकट निघते.

घाटमाथा

आमच्या गावी दर घरात दोन कुत्री. लागलं तर हळद, नाहीतर चाटून बरं होतं. थर्मामीटर वगैरे ऐकून मौज वाटली. तो लावतात कुठे, हा प्रश्न विचारत नाही.

टवाळ_१२

@घाटमाथा, विचारू नकाच. कुत्र्यानेही विचारलं नव्हतं.

निवृत्त_पशुवैद्य

सोनटक्का, पेटीत काय भरायचं याच्या आधी काय काढायचं ते सांगतो. तुमच्या पेटीतल्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल या गोळ्या कुत्र्याच्या डब्यात चुकूनही येता कामा नयेत. पहिल्या दोन्हींनी जठराला व्रण पडतात, मूत्रपिंडं बसतात; तिसरीने यकृत जातं. नोकरीत असताना दुखण्यापेक्षा या गोळ्यांनी आजारी पडलेली कुत्रीच जास्त आली की काय असं वाटायचं. गोळी देणारा माणूस नेहमी प्रेमळ असतो आणि नेहमी "अर्धीच दिली" म्हणतो. वेदनाशामक हवंच असेल तर निघण्याआधी तुमच्या डॉक्टरांकडून त्या कुत्र्याच्या वजनाचं लिहून घ्या. डोस मी इथे कोणालाही सांगणार नाही, कृपया विचारू नये.

आता थर्मामीटर. कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. आपल्या हिशोबाने पाहणारा माणूस १०२ बघून घाबरतो आणि वरची गोळी देऊन बसतो. म्हणून थर्मामीटर हवाच, आणि घाटमाथा, तो गुदद्वारातूनच लावतात, टोकाला व्हॅसलीन लावून.

निघण्याआधी घरी, कुत्रं निवांत असताना तीन गोष्टी पाहून डब्याच्या झाकणावर लिहून ठेवा. तापमान किती. झोपेत मिनिटाला श्वास किती (तीसच्या आत हवेत). आणि हिरड्यांचा रंग कसा. हिरडी बोटाने दाबून सोडली की पांढरा ठिपका दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. बंड्याच्या हिरड्या मुळात काळपट असतील तर खालची पापणी ओढून आतली बाजू बघा. निरोगी कुत्रं कसं दिसतं हे ठाऊक नसेल तर आजारी ओळखणार कसं?

मोरपिशी

डॉक, झाकणावर लिहायची कल्पना झकास. आजच करते.

घाटमाथा

मान्य. पण हळदीचं काय? ती तर जंतुनाशक आहे ना?

निवृत्त_पशुवैद्य

खरचटलं असेल तर हळदीने फार बिघडणार नाही. खोल जखमेत मात्र कुठलीच पूड भरू नका. ती आत गोळा होऊन बसते, वर खपली धरते आणि खाली पू साठतो. शिवाय मला टाका घालायचा असेल तर आधी अर्धा तास तुमची हळद उपसावी लागते. भरपूर पाण्याने धुवा, गॉज दाबून धरा, आणा. नख तुटून रक्त थांबत नसेल तर तुरटी. ती पेटीत जरूर ठेवा.

डोंगरवाट

दिवाळीनंतर जाताय म्हणून लिहितो. यादीत सगळ्यात वर लिहा: बारीक टोकाचा चिमटा आणि टॉर्च. कारण कुसळं.

पावसाळ्यानंतर गवत वाळतं आणि घाटातले, सड्यांवरचे (कातळाच्या माळांवरचे) उतार कुसळांनी भरून जातात. आपल्या पायमोज्यात शिरतात ती आपण शिव्या देत काढतो. कुत्र्याच्या अंगात शिरली की दिसत नाहीत. कुसळाच्या टोकाला मागे वळलेले बारीक केस असतात, त्यामुळे ते पुढेच सरकतं, मागे येत नाही. आमची राणी एकदा रात्री एकच बोट सारखं चाटत बसली होती. वरून काही नाही. दोन बोटांमधले केस फाकवून टॉर्च मारला तर मोहरीएवढा लाल फोड, त्याच्या मधोमध सुईचं भोक, आणि भोकातून काडीचं जेमतेम दिसणारं टोक. चिमट्याने धरून आलं त्याच दिशेने सरळ ओढलं, सुटलं. आणखी दोन दिवस गेले असते तर पंजा चिरावा लागला असता, असं नंतर डॉक्टर म्हणाल्या.

म्हणून रोज संध्याकाळी पंजे, काखा, जांघा, कान, पापण्या हाताने चाचपायच्या. अचानक मान तिरकी करून डोकं झटकायला लागलं तर कानात गेलंय. तिथे इअरबड घालायचा नाही, आणखी आत जातं. शिंकांचा सपाटा लागला आणि एका नाकपुडीतून रक्त आलं तर नाकात. या दोन्हींना डॉक्टरच.

खाडीपल्याड

मी कॅलिफोर्नियात असते. इथे याच प्रकाराला फॉक्सटेल म्हणतात आणि उन्हाळ्यात दवाखाने त्यानेच भरलेले असतात. लोक नाकात गवत जाऊ नये म्हणून कुत्र्याच्या डोक्यावर जाळीची पिशवी चढवतात. कुसळांची आठवण काढून एकदम आजोळी गेले.

जाता जाता, इथल्या बहुतेक याद्यांत हायड्रोजन पेरॉक्साइड असतं. काही विषारी खाल्लं तर पाजून उलटी करवायची. बंड्याचं वर्णन वाचून वाटलं, सोनटक्काने ते घ्यावंच.

निवृत्त_पशुवैद्य

खाडीपल्याड, नेमकं हेच मला नको आहे. तुमच्याकडचा सल्ला तीन टक्क्यांच्या द्रावणाचा आहे. आपल्याकडे मेडिकलमध्ये सहसा मिळते ती बाटली सहा टक्क्यांची. ती कुत्र्याच्या घशाखाली गेली तर अन्ननलिका आणि जठर भाजून निघतं. तीन टक्क्यांचं असलं तरी डॉक्टर फोनवर हो म्हणाल्याशिवाय नाही. पेट्रोल-रॉकेल, अ‍ॅसिड किंवा टोकदार वस्तू गिळली असेल, कुत्रं गुंगीत असेल किंवा झटके येत असतील तर उलटी करवणं म्हणजे दुसरा अपघात. मिठाचं पाणी पाजतात काही लोक, तेही नको.

काय खाल्लं, किती, किती वाजता, हे लिहा. वेष्टन पिशवीत घाला. गाडीला चावी मारा. डार्क चॉकलेट, मनुका-द्राक्षं, कांदा, साखरविरहित च्युइंगगममधलं झायलिटॉल ही विषबाधेची नेहमीची मंडळी. दिवाळीच्या फराळात मनुका आहेत का बघा.

सोनटक्का

बापरे. चिवड्यात मनुका आहेत आणि बंड्याचा चिवड्यावर डोळा आहे. पेरॉक्साइड रद्द, चिवडा डिकीत.

टवाळ_१२

डिकीतला चिवडा कोण सांभाळणार? टिकली?

हर्णैकर

आमच्याच बाजूला येताय म्हणून लिहितो. तुम्ही सगळे जखमा आणि ताप बोलताय. किनाऱ्यावर कुत्र्यांची वाट लागते ती तोंडाने.

१. गळ. वाळूत, दोरीच्या गुंडाळ्यात, सडक्या माशाच्या पोटात. ओठात अडकला तर उलटा ओढू नका, टोकाला आकडी असते, मांस फाडून येतं. गिळला आणि दोरी तोंडाबाहेर लोंबत असेल तर ती ओढायची नाही आणि आखूड कापायचीही नाही. पट्ट्याला बांधा आणि दवाखाना गाठा.

२. केंड. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढल्यावर नको ते मासे वाळूत टाकून देतात, त्यात हा फुगणारा मासा असतो. त्याचं विष भयंकर. माणसं मरतात तर कुत्र्याचं काय. बंड्यासारख्याला रापणीच्या जागेपासून लांब, पट्ट्यावरच ठेवायचा.

३. खारं पाणी. चेंडूच्या मागे धावताना लाटा पितात, मग रात्रभर उलट्या-जुलाब, आणि ओटी खराब झाली म्हणून घरवाले नाराज. गोड्या पाण्याची बाटली आणि वाडगा घेऊन चला, मध्ये मध्ये पाजत राहा.

बाकी या, ताजी मासळी संध्याकाळी लिलावात बघा. कुत्री मात्र लिलावात आणू नका, हात जोडून सांगतो.

मोरपिशी

केंडाचं माहीतच नव्हतं! धन्यवाद.

अनुजा_डोंबिवली

सापाचं कोणीच कसं लिहिलं नाही? कोकण म्हटलं की मला तेच डोळ्यासमोर येतं. कुत्र्यासाठी लस पेटीत ठेवता येते का?

निवृत्त_पशुवैद्य

नाही, आणि ठेवूही नका. प्रतिविष शिरेतून, सलाईनमधून देतात, त्याचीच रिअ‍ॅक्शन येऊन प्राणी दगावू शकतो. ते दवाखान्याचं काम. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर मिळून जे एकच प्रतिविष माणसांना देतात, तेच कुत्र्यांनाही देतात. मात्र प्रत्येक पशुवैद्याकडे ते असेलच असं नाही. म्हणून निघण्याआधी त्या तालुक्यातल्या दोन-तीन दवाखान्यांना फोन करून हाच एक प्रश्न विचारा: सर्पदंशावरचं प्रतिविष आहे का, नसेल तर कुठे मिळेल?

रत्नागिरी जिल्हा फुरशाचा. दिवसा दगडांच्या फटीत असतं, कुत्रं नाक खुपसतं आणि दंश तोंडावर किंवा पुढच्या पायावर होतो. सूज चढते, हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त येतं. घोणसचंही तसंच. नाग-मण्यारमध्ये सूज कमी असू शकते, मण्यारमध्ये तर जवळजवळ नसतेच, पण पापण्या मिटतात, मागचे पाय लटपटतात, श्वास अडतो. आवळपट्टी नाही, चिरा नाही, चोखणं नाही, बर्फ नाही. पट्टा सैल करा, कारण मान सुजते. कुत्र्याला चालवू नका, उचलून गाडीत घाला. सापाच्या मागे फोटो काढायला जाऊ नका.

घाटमाथा

डॉक्टर, यात पेटीतली एकही वस्तू लागली नाही.

निवृत्त_पशुवैद्य

बरोबर. आणखी एक तसंच. मोठ्या छातीच्या कुत्र्याचं पोट जेवणानंतर नगाऱ्यासारखं फुगलं, ओकाऱ्या येतायत पण पडत काहीच नाही, बसवत नाही, उठवत नाही, तर जठराला पीळ पडलेला असू शकतो. त्याला पेटीत औषध नाही, ऑपरेशन लागतं आणि तेही काही तासांत. सोडा, ओवा, हिंग पाजत वेळ घालवू नका. अशा वेळी पेटीपेक्षा फोनमधले नंबर कामाला येतात.

दवाखान्यांबद्दल: सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याच्या पाटीवर "श्रेणी १" असेल तर तिथे पदवीधर पशुवैद्यक, "श्रेणी २" ला पर्यवेक्षक, अशी आमच्या वेळची पद्धत. तालुक्याच्या ठिकाणी लघु पशुचिकित्सालय असतं. १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा नंबर आहे. ती गाडी मुख्यतः गुराढोरांसाठी, पण जवळचा दवाखाना कुठला हे विचारायला हरकत नाही.

डोंगरवाट

कोल्हापूर-गोव्याच्या वाटेवरच्यांसाठी: शिरवळला हायवेलगतच पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, त्यांचं रुग्णालयही. मुंबईकरांना परळ माहीत असतंच.

लंडनची_काकू

आमच्याकडे वेगळीच तऱ्हा. फ्रान्सला कुत्रं घेऊन गेलं की परत ब्रिटनमध्ये शिरण्याआधी २४ ते १२० तासांच्या खिडकीत पशुवैद्याकडून टेपवर्मचं औषध देऊन कागदावर शिक्का घ्यावा लागतो. तास चुकला तर कुत्रं अडकतं. आमची सगळी सुट्टी त्या शिक्क्याभोवती फिरते.

टवाळ_१२

काकू, आमच्याकडे कुत्र्याला शिक्का लागत नाही, घरमालकाला "कुत्रं चावत नाही" एवढं पटवावं लागतं.

अनुजा_डोंबिवली

अवांतर: मुक्कामाला कुत्री चालतात असं फोनवर सांगून पोचल्यावर "बाहेर बांधा" म्हणणारे भेटलेत का कोणाला?

मोरपिशी

भेटलेत. नाव लिहीत नाही. आता मी बुकिंगआधी कुत्र्याचा फोटो पाठवते, तो पलंगावर झोपलेला. हरकत असेल तर तिथेच कळते.

सोनटक्का

धागा भलतीकडे भरकटण्याआधी एक प्रश्न. वाडीत गावची कुत्री असणारच. टिकली भांडकुदळ आहे. चावाचावी झाली तर?

निवृत्त_पशुवैद्य

मध्ये हात घालू नका, आधी पाणी फेका. चाव्याची जखम वरून दोन भोकं दिसते, आत कातडी मांसापासून सुटलेली असते. भरपूर सलाईन किंवा स्वच्छ पाण्याने धुवा, बंद करू नका, त्याच दिवशी दाखवा. तुम्हाला दात किंवा लाळ लागली तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं आणि माणसांच्या डॉक्टरकडे जायचं. रेबीजमध्ये "बघू उद्या" नसतं. टिकलीला आधी लस दिलेली असली तरी चावल्यावर पुन्हा डोस लागतो. म्हणून लसीकरणाचं कार्ड पेटीतच ठेवा, फोनमध्ये फोटोही असू द्या.

दुखणारं कुत्रं मालकालाही चावतं, याचा राग धरू नका. मोरपिशींनी लिहिलेली ओढणी त्यासाठीच: नाकावरून एक फास, हनुवटीखाली गाठ, कानामागे बांधायची. मात्र उलटी होत असेल, धाप लागली असेल किंवा तोंड चपटं असेल (पग वगैरे) तर तोंड बांधायचं नाही.

हर्णैकर

गोचिड्या राहिल्या. रॉकेल लावलं की पटकन सुटतात, आम्ही तेच करतो.

निवृत्त_पशुवैद्य

सुटतात, पण सुटताना आपली लाळ आणि पोटातलं आत ओकतात, आणि तापाचे जंतू त्यातूनच जातात. चिमट्याने कातडीलगत डोक्याशी धरून सरळ वर ओढा. चिरडू नका, हातमोजे घाला, साबणपाण्याच्या बाटलीत टाका. सिंधुदुर्गात दोडामार्ग-बांद्याकडे २०१६ पासून माणसांना माकडताप होतोय, तोही गोचिडीतूनच. तिकडच्या जंगलात कुत्रं नेणाऱ्यांनी स्वतःचे पायही तपासावेत.

परत आल्यावर दोन-तीन आठवड्यांत कुत्रं मलूल झालं, जेवेना, नाकातून रक्त आलं, तर रक्त तपासा आणि "आम्ही कोकणात गेलो होतो" हे डॉक्टरांना न विचारता सांगा.

सोनटक्का

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. आत्तापर्यंत भरलेलं: सलाईन, पोव्हिडोन आयोडीन, गॉज, क्रेप बँडेज, ती स्वतःलाच चिकटणारी पट्टी, कागदी पट्टी, कात्री, बारीक चिमटा, टॉर्च, थर्मामीटर, व्हॅसलीन, तुरटी, हातमोजे, सिरिंज, ओढणी, पायमोजे, गळ्यातला कोन (जखम चाटू नये म्हणून), जुनी चादर (बंड्याला उचलायला, तो एकट्याने उचलण्याच्या पलीकडे गेलाय), लसीकरणाची कार्डं, त्यांची रोजची औषधं, तीन दवाखान्यांचे नंबर कागदावर. डबा डिकीत ठेवणार आहे. काही चुकतंय?

निवृत्त_पशुवैद्य

यादी छान. डबा डिकीत नको, पुढच्या सीटखाली ठेवा, आणि गाडी उन्हात उभी असेल तेव्हा घरात न्या. बंद गाडीतल्या उष्णतेने औषधं खराब होतात. कुत्री तर एक मिनिटही बंद गाडीत नकोत. धापा टाकून जीभ लालभडक झाली, लाळ घट्ट झाली, कुत्रं झोकांड्या द्यायला लागलं, तर आधी जागेवरच अंगावर गार पाणी ओता आणि वारा घाला, मग दवाखान्याला निघा. थर्मामीटर १०३ फॅरनहाइटवर आला की ओतणं थांबवा, नाहीतर तापमान फार खाली घसरतं.

ती चिकटणारी पट्टी ताणून गुंडाळू नका. खाली दोन बोटं शिरली पाहिजेत आणि बोटांची टोकं उघडी ठेवा. सुजली किंवा गार पडली तर लगेच सोडा.

अनुजा_डोंबिवली

वाचनखूण साठवली. ताम्हिणीच्या वळणांना कुत्र्यांना गाडी लागते का हो? आमचा माळशेजमध्ये सीटवर ओकतो. कोणी म्हणतं अ‍ॅव्हिल द्या, झोपून राहतो.

निवृत्त_पशुवैद्य

झोपवणं आणि मळमळ थांबवणं वेगळं. आमच्यातले काही जण अ‍ॅलर्जीसाठी अ‍ॅव्हिल वापरतात, मधमाश्या चावल्या तर उपयोगही होतो, पण ते वजनावर आणि आधी विचारून. गाडी लागण्यावर वेगळी औषधं आहेत, ती लिहून घ्या आणि एकदा घराजवळच्या फेरीत देऊन पाहा, पहिला प्रयोग घाटात नको. निघण्याआधी तीन-चार तास जेवण नाही, पाणी थोडं थोडं. खिडकी जराशी उघडी, पण डोकं बाहेर नाही. वळणं संपली की दहा मिनिटं उतरवून फिरवा, पट्ट्यावर.

टवाळ_१२

हे सगळं मला माणसांसाठी हवं होतं. आमच्या मेहुण्यांना ताम्हिणी लागतो.

घाटमाथा

त्यांना कोन घाला.

सोनटक्का

टिकलीला गाडी लागते, बंड्याला फक्त भूक. शनिवारी डॉक्टरांकडे दोघांचं वजन करून औषधं लिहून घेतेय. @हर्णैकर, रापण साधारण किती वाजता ओढतात? ती वेळ टाळून किनाऱ्यावर जाऊ.

हर्णैकर

भरती-ओहोटीवर असतं, रोज बदलतं. आदल्या संध्याकाळी वाडीत विचारा, कोणीही सांगेल. आणि बंड्याचा पट्टा मजबूत आणा.